जमीन, बोली आणि कागद : ‘मुळशी पॅटर्न’च्या निमित्ताने

‘पॅटर्न’ हा इंग्रजी शब्द मराठीत सर्वतोमुखी झाला तो शालान्त व बारावीच्या निकालांमुळे. ‘लातूर पॅटर्न’ या शब्दप्रयोगाने त्यास ‘अनुकरण करण्याजोगा यशस्वी नमुना’ असा एक विशिष्ट अर्थ मिळवून दिला. प्रवीण तरडे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या आपल्या चित्रपटास ‘मुळशी पॅटर्न’ हे नाव दिले, तेव्हा हा प्रशंसावाचक अर्थ त्यांनी जाणूनबुजून उलटा फिरविला होता. बापाने जमीन विकावी, आलेला पैसा मोटारी, दागिने आणि लग्नसमारंभ यांत विरावा आणि मुलाने गुन्हेगारीचा रस्ता धरावा, हाही एक नमुनाच होऊन बसला आहे, असा त्या नावातील उपरोध होता. तथापि थोड्याच दिवसांत पौड रस्त्यावरील मोटारसायकलींच्या मागील पट्ट्यांवर ही दोन अक्षरे अभिमानाने मिरवू लागली. उपरोधाने योजलेला शब्द श्रोत्यांनी सरळ अर्थाने का घेतला, हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकास पडणारा प्रश्न आहे. प्रेक्षक अडाणी आहेत, असे म्हणून तो सुटत नाही. त्याचे उत्तर चित्रपटाच्या घडणीतच शोधावे लागते, आणि ते शोधू लागले म्हणजे मराठी चित्रपटाने वर्गभेद आणि राजकारण यांना आजवर कोणती भाषा दिली, हा मोठा विषय उघडा पडतो.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक त्रयस्थाच्या नात्याने पाहू शकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मी भुकूमला राहतो. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्यास लागले की भूगाव आणि त्यापुढे भुकूम. रामनदीचा उगम याच गावच्या खाटपेवाडीकडे आहे. दोन-तीन दशकांपूर्वीपर्यंत ही भाताची खाचरे होती. आज तेथे इमारती आणि बंगल्यांचे वसाहतसमूह आहेत. त्यांची नावे बहुधा इंग्रजी असून त्यांत डोंगर, दव, कुरण आणि झरा यांचे उल्लेख हटकून सापडतात. जे नाहीसे झाले त्याचीच नावे इमारतींस द्यावयाची, हा गृहरचना-व्यवसायाचा एक सार्वत्रिक संकेत दिसतो.

या स्थित्यंतराने मराठीस एक नवा सामासिक शब्दही दिला : ‘गुंठामंत्री’. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकरी जमिनीविषयी एकरात बोलतो, फार तर बिघ्यात. गुंठ्याचा हिशेब घरठाणाच्या अथवा वाटणीच्या वेळचा. शहर जवळ आले तशी जमीन गुंठ्यांनी विकली जाऊ लागली आणि मापाचे एकक बदलताच मालाचे स्वरूपही बदलले. ‘मुख्यमंत्री’, ‘अर्थमंत्री’ यांच्या धर्तीवर बनविलेल्या या शब्दात हेवा आणि हेटाळणी सारख्याच प्रमाणात आहे. शिवाय त्यात एक वर्गीय निरीक्षण दडलेले आहे : ही सत्ता उत्पादनातून आलेली नाही, विक्रीतून आली आहे, म्हणून ती मंत्रिपदासारखीच अल्पकाळ टिकावयाची. चित्रपटास जे दोन तासांत साधावयाचे होते त्यातील बराचसा आशय लोकभाषेने एका शब्दात आधीच भरून ठेवला होता.

आता परंपरेकडे वळू. जमीन गमावलेला शेतकरी हा मराठी चित्रसृष्टीचा फार जुना नायक आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ सालचा. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकाराच्या कपटाने जमीन जाते आणि नायक शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. १९३६ साली पेंटरांनी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सादर केली. पौराणिक चित्रांचा तो काळ लक्षात घेता ही निवडच धाडसाची होती. परंतु येथे आपल्याला महत्त्वाचे आहे ते कथानकाचे टोक. शेतातून उखडलेला माणूस गिरणीत रुजतो. तेथे हाल आहेत, खुराड्यासारखी खोली आहे. पण हजेरीपटावर नाव आहे, पगाराची तारीख आहे, पुढे संघटनाही आहे. एका वर्गातून सुटलेला माणूस दुसऱ्या वर्गात जाऊन पडतो.

या पुढची कडी महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) मध्ये आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात १९८२ च्या संपानंतरची गिरणगावातील घरे दिसतात. बापाची गिरणी बंद पडली आहे आणि मुलापुढे टोळीचा रस्ता खुला आहे. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये मधली गिरणीच गळाली आहे. सखाराम (मोहन जोशी) जमीन विकून त्याच जमिनीवर रखवालदार होतो, तेथून अपमानित होऊन कुटुंबासह पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीस जातो, आणि मुलगा राहुल (ओम भूतकर) तेथूनच टोळीकडे ओढला जातो. शेत ते गिरणी, गिरणी ते टोळी, आणि आता शेत ते थेट टोळी. नव्वद-पंच्याण्णव वर्षांच्या या तीन चित्रपटांत महाराष्ट्राच्या श्रमिक वर्गाचा जो इतिहास नकळत नोंदला गेला आहे, तो अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून इतक्या थोडक्यात सापडणे कठीण.

‘सावकारी पाशा’तील सावकार दिसत होता. त्याला चेहरा होता, चोपडी होती, गादी होती. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये जमीन कोणी घेतली? विकत घेणारा श्रीमंत आहे, दलाल आहे, टोळीप्रमुख आहे. पण जमिनीच्या विक्रीमागे असलेली जी यंत्रणा, तिचे रूप चित्रपटात कोठेही आकारास येत नाही. म्हणून दोष शेवटी येऊन पडतो तो विकणाऱ्या बापावर. मुलगा बापास जाब विचारतो ते प्रसंग चित्रपटात सर्वांत ताकदीचे आहेत, आणि मोहन जोशी यांनी त्या वेळचे मौन अत्यंत संयमाने सांभाळले आहे. जमीन ही राखण्याची वस्तू आहे, विकण्याची नव्हे, हा चित्रपटाचा बोध याच प्रसंगांतून उभा राहतो. पण बोध हा नीतीचा झाला. वर्गाचा प्रश्न नीतीच्या खात्यावर वळता करण्याची ही क्रिया नेमकी कोणत्या जागी घडते, हे पाहण्यासाठी पात्रांच्या बोलण्याकडे लक्ष द्यावे लागेल.

मराठी चित्रपटातील ‘ग्रामीण’ म्हणून ओळखली जाणारी बोली ही वस्तुतः कोणत्याही एका गावची बोली नाही. कोल्हापूरच्या चित्रसंस्था आणि तमाशापट यांच्या द्वारे कोल्हापुरी वळणाचे एक सर्वसाधारण रूप पडद्यावर स्थिर झाले. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘हाय’ एवढ्या मालमसाल्यावर कोकण वगळता साऱ्या महाराष्ट्राचे खेडे उभे केले जाई. या भाषेचे काम ठरलेले होते : हसविणे, नाहीतर भोळेपणा दाखविणे. ‘सोंगाड्या’ने (१९७१) तिला नायकपदी बसविले हे दादा कोंडके यांचे श्रेय मान्य केले पाहिजे, जरी विनोदाची चौकट त्यांनीही मोडली नाही.

ती मोडली ‘सामना’ने. जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) ग्रामीण वळणानेच बोलतो. पण ही बोली दुबळ्याची नव्हे, सत्तेची आहे. तिच्यात आतिथ्य आहे, आपुलकी आहे, समोरच्यास घरचा मानण्याची लकब आहे. आणि या आपुलकीच्या आड सहकारी साखर कारखान्याभोवती उभारलेले संपूर्ण साम्राज्य आहे. याउलट प्रमाण मराठी बोलतो तो दारूने खचलेला मास्तर (श्रीराम लागू). त्याच्यापाशी विवेक आहे; बळ मुळीच नाही. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, एवढाच त्याचा प्रश्न. तो मारुती कांबळे आपल्यापुढे येतो तोही इतरांच्या सांगण्यातून. ‘बोली म्हणजे शोषित, प्रमाणभाषा म्हणजे शोषक’ हे सोपे समीकरण तेंडुलकरांनी अशा रीतीने निकालात काढले. आमच्या विषयाच्या कित्येक प्रबंधांतून ते अद्याप सुखाने नांदत आहे, ही गोष्ट वेगळी.

‘मुळशी पॅटर्न’चे भाषिक यश निःसंशय मोठे आहे. कोल्हापुरी साच्याऐवजी पुण्याच्या पश्चिमेकडील मावळी बोलण्याचा हेल, त्यातील तुटकपणा आणि धमकीतही असणारी एक थट्टेखोर लय प्रथमच एवढ्या प्रमाणावर पडद्यावर आली. ती अस्सल वाटते, कारण दिग्दर्शकाला ती घरची आहे. परंतु या चित्रपटात शेतकरी, गुंड, पोलीस अधिकारी विठ्ठल कडू (उपेन्द्र लिमये) आणि टोळीप्रमुख नान्या (ही भूमिका स्वतः तरडे यांची) हे सगळे एकाच भाषिक आवाक्यातले आहेत. सर्वांजवळ सारखेच धारदार संवाद. भाषेची उंची-सखलता नाही. जमीन ज्या भाषेत जाते, ती तर ऐकूच येत नाही.

जमीन बोलीत जात नाही; ती कागदाच्या भाषेत जाते. सातबारा, फेरफार, साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, विसार, चतुःसीमा, बिनशेती परवाना या शब्दांची एक स्वतंत्र मराठी आहे. ती गावचा शेतकरी बोलत नाही, पुण्याचा प्राध्यापकही बोलत नाही. तिची वाक्ये पानभर लांब असतात, क्रियापद शेवटी कोठेतरी सापडते, आणि तोवर ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ यांची अदलाबदल झाली तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येऊ नये अशी तिची रचना असते. कायद्याचा इतिहासही याच भाषेत नोंदलेला आहे. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा, यांनी कसणाऱ्यास मालक केले. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहसा घेता येऊ नये, अशी तरतूदही केली. मग मुळशीची खाचरे शहराकडे गेली कशी? बिनशेती परवाने, मुखत्यारपत्रे, विकसनाचे करारनामे, या कागदांच्या वाटेने. हा खरा पट होता. चित्रपटात नोटांचे पुडके दिसते, सहीचा कागद दिसतो न दिसतो.

या कागदी मराठीतील हक्क, मालक, वारस, कब्जा, मौजे, तहसील, रयत, अर्ज हे शब्द फारसीच्या मार्गाने आले असले तरी मुळात अरबी आहेत. त्यामुळे याच विषयावरील एका अरबी चित्रपटाशी तुलना करणे अगदीच ओढूनताणून होणार नाही. युसुफ शाहीन यांचा ‘अल्-अर्द’ (‘जमीन’) हा इजिप्शियन चित्रपट १९७० साली कान महोत्सवात दाखविला गेला. अब्दुर्रहमान अश्-शर्कावी यांच्या १९५४ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काळ १९३० नंतरचा, स्थळ नाईलकाठचे खेडे. पाटाच्या पाण्याची पाळी दहा दिवसांवरून पाचांवर आणली जाते. गावकरी सरकारकडे अर्ज करावयाचे ठरवितात, त्यासाठी जमीनदार महमूद बे याचे साहाय्य घेतात. तो त्यांच्या सह्यांचा उपयोग करून त्यांच्याच शेतांतून आपल्या वाड्यापर्यंत सडक काढण्याची व्यवस्था करतो. (‘अर्द’ म्हणजे जमीन आणि आपल्या ‘अर्ज’ शब्दाचे मूळ, ही दोन अरबी रूपे ऐकण्यास जवळची असली तरी त्यांचे धातू भिन्न आहेत, आद्य व्यंजनच निराळे आहे. पण अर्जाने जमीन नेल्याची ही कथा पाहताना भाषाशास्त्रज्ञाचे मन या ध्वनिसाम्याशी थबकते खरे.) अखेरीस वृद्ध अबू सुवैलम यास घोड्यामागे बांधून फरफटत नेले जाते आणि त्याची बोटे मातीत रुतत जातात. हे दृश्य विख्यात आहे आणि ते योग्यच. मला मात्र अर्जाचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. वर्गभेद तेथे अक्षरांत उतरला आहे : ज्यांची सही आहे त्यांना मजकूर ठाऊक नाही, ज्याला मजकूर ठाऊक आहे त्याला सहीची गरज नाही.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली द्विस्तरीय भाषाव्यवहाराची जी संकल्पना मांडली, तिच्या चार उदाहरणांत अरबी हे एक होते. ग्रंथ, शासन, धर्म यांची अरबी एक, घर आणि बाजार यांची दुसरी. इजिप्तच्या चित्रपटाने दुसरी स्वीकारली. तरीही पहिली तेथे दरोगा, न्यायाधीश आणि अर्जनवीस यांच्या रूपाने सतत दारात उभी असते. तौफीक सालिह यांनी तौफीक अल्-हकीम यांच्या कादंबरीवरून काढलेला, खेड्यातील सरकारी वकिलाच्या रोजनिशीचा चित्रपट (१९६९) तर या दोन भाषांमधील दरीवरच उभा आहे. फर्ग्युसन यांच्या काटेकोर अर्थाने मराठी द्विस्तरीय नाही, कारण प्रमाण मराठी कोणाच्या तरी घरची भाषा आहे. परंतु कागदाची मराठी कोणाच्याच घरची नाही. तेवढ्यापुरता तो विचार येथे लागू पडतो, असे माझे मत आहे.

शाहीन यांच्या बाजूने एक सवलतही मान्य केली पाहिजे. त्यांचा चित्रपट सरकारी क्षेत्रात निघाला. १९५२ च्या जमीनसुधारणा कायद्याने बड्या जमीनदारांवर दोनशे फेद्दानांची मर्यादा आलेली होती आणि राजेशाही जाऊन बराच काळ लोटला होता. पराभूत शत्रूचे नाव घेणे सोपे असते. तरडे यांच्यापुढील प्रतिपक्ष चालता-बोलता, धनवान आणि पुष्कळदा गावातलाच होता.

परंतु मुळशीला स्वतःची अशी आठवण होती. १९२१ साली याच तालुक्यात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. मावळ्यांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या जात होत्या. लढा अयशस्वी झाला, धरण झाले, गावे बुडाली. पण त्या लढ्यातल्या माणसांना प्रतिपक्ष कोण, हे सांगता येत होते : कंपनी, सरकार आणि एक कायदा. शंभर वर्षांनी त्यांचे वारस स्वतःच्या सहीने ‘लिहून देणार’ झाले. प्रतिपक्ष करारनाम्याच्या दुसऱ्या बाजूस एक स्वाक्षरी होऊन बसला. एकाच मुलखातील हे दोन ‘पॅटर्न’ समोरासमोर ठेवले असते तर नावातील उपरोधाला हवी ती धार आली असती.

वर्गाच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा आहे. जमीन गेल्याचे दुःख ज्याला जमीन होती त्याचे. मुळशीतील कातकरी विकावयास काय आणणार? कथानकात त्यांना वाव नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) जब्याचे कुटुंब घरात कैकाडी बोलते, बाहेर मराठी, चित्रपटाचे नावच कैकाडी आहे, अर्थ डुक्कर. शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि डुक्कर धरण्यास धावणारी माणसे आहेत तेथे उभी राहतात. एकही संवाद न घालता शासनाची भाषा आणि घरची भाषा यांतील अंतर मंजुळे दाखवून देतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर मराठीत गातो आणि त्याच्यावरील आरोपांची कलमे इंग्रजीत वाचली जातात, वाचणारी सरकारी वकील घरी मराठीच बोलते. म्हणजे मराठी चित्रपटाला कागदाची भाषा दाखविता येत नाही, असे मुळीच नाही.

२०२१ साली ‘मुळशी पॅटर्न’ची ‘अंतिम’ ही हिंदी आवृत्ती निघाली. तीत पोलीस अधिकारी मध्यभागी आला, बोली गेली, आणि बोलीबरोबर गावही गेले. शीर्षकातून मुळशी गळाली, हे त्या मानाने प्रामाणिकच म्हणावयाचे. मूळ चित्रपटात राजकारण अंधुक होते खरे, पण माती होती. तिच्या जोरावरच तो चित्रपट इतरांहून निराळा ठरला होता.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. उपरोध कळण्यासाठी ऐकणाऱ्यास दोन भाषा ऐकू याव्या लागतात : जी बोलली जाते ती, आणि जिच्या विरोधात ती उभी आहे ती. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये दुसरी मुकी आहे. मग उरते ती राहुलची ऐट, त्याचा हेल आणि त्याचे संवाद. मोटारसायकलवर तीच चिकटली.

हे विवेचन मी वर्गात केले, तेव्हा मुळशी तालुक्यातलाच एक विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, “सर, आमची पण गेली. पण आमच्यात कोणी भाई झाला नाही. थोरला टेंपो चालवतो, मी इथं बसलोय. आमच्यावर कोण पिक्चर काढणार?” मी त्याला विचारले, विकताना कागद कोणी वाचला होता? तो म्हणाला, “आजोबांनी. म्हणजे वाचून दाखवला त्यांना. कोणी ते नाही माहिती.”

त्या रात्री मी घरचा दस्त काढला. आमच्या इमारतीचा रखवालदार मराठवाड्याचा आहे. चित्रपटातल्यासारखा योगायोग येथे नाही. जमिनीच्या पूर्वीच्या मालकांचा तपशील सातव्या पानावर सुरू होतो आणि तिसरे वाक्य मला, या विषयाची पदवी असूनही, दोनदा वाचावे लागले. तीत चार व्यक्तींनी व त्यांच्या वारसांनी आपला ‘हक्क, हितसंबंध व वहिवाट’ सोडल्याचे म्हटले आहे. चारांपैकी तिघांच्या नावांपुढे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे छापलेले आहे. येत्या सत्रात तो विद्यार्थी आणि त्याचे दोन सहाध्यायी भूगाव, भुकूम व पिरंगुट येथील वृद्धांकडून जमिनीच्या व्यवहाराची तोंडी निवेदने ध्वनिमुद्रित करणार आहेत. प्रत्येक निवेदनाशेजारी त्याच व्यवहाराचा नोंदणीकृत दस्त ठेवावयाचा, एवढेच सध्या ठरले आहे.